लिनिअर की एसएमपीएस? अनोळखी अडॅप्टर ओळखण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या पेटीत सापडलेला, आठवडी बाजारातून आणलेला, लेबल घासून गेलेला अडॅप्टर किंवा चार्जर नेमका कोणत्या जातीचा, लिनिअर (साधा ट्रान्सफॉर्मरवाला) की एसएमपीएस (स्विच्ड मोड पॉवर सप्लाय), हे विचारणारे बहुतेक जण दुरुस्ती करणारे, साउंडवाले आणि वावरात बॅटरीवर काही ना काही चालवणारे असतात. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकच उत्तर वाचलं तरी काम भागावं अशी मांडणी आहे. जिथे दुसरं उत्तर बघणं भाग आहे तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. लिनिअर आणि एसएमपीएस यांत फरक काय? दोन्हीतून १२ व्होल्टच तर येतात ना?

येतात, पण त्यांची वाट वेगळी असते. लिनिअरमध्ये २३० व्होल्टची लाईन थेट लोखंडी पत्र्यांच्या ट्रान्सफॉर्मरवर जाते. तो ५० हर्ट्झवरच काम करून व्होल्टेज उतरवतो, मग डायोड त्याचं डीसी करतात आणि मोठा कंडेन्सर ते सपाट करतो. पुढे ७८१२ सारखा रेग्युलेटर असेल तर तो जास्तीचं व्होल्टेज उष्णतेत घालवून नेमके १२ देतो.

एसएमपीएसमध्ये क्रम उलटा असतो. लाईन आधी डायोडमधून जाते आणि तिचं सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतं (२३० गुणिले १.४१४). हे डीसी मॉस्फेट नावाचा एक इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा तोडतो-जोडतो आणि ते लहानशा फेराइट (काळ्या ठिसूळ चुंबकी गाभ्याच्या) ट्रान्सफॉर्मरमधून खाली येतं. लहान अडॅप्टरमध्ये ६५ किलोहर्ट्झ ही नेहमी आढळणारी फ्रीक्वेन्सी, म्हणजे लाईनच्या १,३०० पट. फ्रीक्वेन्सी चढली की तेवढ्याच वॉटला लहान ट्रान्सफॉर्मर पुरतो. एक जड आणि दुसरा हलका, याचं सगळं कारण इथेच आहे.

२. ओळखून करायचं काय? चालतो आहे ना, मग झालं.

चालतो आहे तोवर ठीक. पण संध्याकाळी पंप सुरू झाले आणि लाईन १६०-१७० वर उतरली की दोघांचं वागणं वेगळं होतं. १२ व्होल्टच्या रेग्युलेटेड लिनिअरमध्ये ७८१२ ला आत किमान १४ ते १४.५ व्होल्ट लागतात. २३० वर तिथे सुमारे २० असतात, १६० वर ते १३ च्या आसपास येतात, आणि मग भजनाच्या ॲम्प्लिफायरमध्ये घूंऽऽ असा आवाज शिरतो. १००-२४० लिहिलेला एसएमपीएस तेवढ्याच लाईनवर निमूट १२ देत राहतो. उलट डीपीवर न्यूट्रल तुटून घरात ४०० च्या जवळ व्होल्टेज आलं, तर एसएमपीएसचा आतला कंडेन्सर बहुधा क्षणात फुटतो. ट्रान्सफॉर्मर गुणगुणत तापतो आणि तुम्हाला प्लग काढायला थोडा वेळ मिळू शकतो.

दुसरं कारण जिवाचं आहे. लिनिअर उघडल्यावर लाईन फक्त ट्रान्सफॉर्मरच्या दोन वायरांपाशी असते. एसएमपीएसमध्ये अर्धा बोर्ड लाईनवर असतो आणि प्लग काढल्यावरही आतल्या कंडेन्सरमध्ये ३०० व्होल्टच्या वर साठा उरू शकतो. म्हणून आधी ओळख आणि मग स्क्रूड्रायव्हर.

३. मीटर नाही, उघडायचंही नाही. नुसतं हाताने ओळखता येते का?

बऱ्याच वेळा येते. हातात घ्या. १२ व्होल्ट १ अँपिअरचा लिनिअर साधारण ४०० ते ६०० ग्रॅम भरतो, तेवढ्याच ताकदीचा एसएमपीएस ७० ते १२० ग्रॅम. भिंतीच्या सॉकेटमधून स्वतःच्या वजनाने खाली लोंबणारा ठोकळा बहुधा ट्रान्सफॉर्मरवाला.

मग जुन्या स्पीकरचा लोहचुंबक डब्यावर फिरवा. पत्र्यांचा गाभा असेल तर प्लास्टिकच्या बाहेरूनही तो मोठ्या भागावर ठामपणे धरतो. फेराइट लहान आणि आत खोल असल्यामुळे एसएमपीएसवर ओढ जाणवलीच तर एखाद्या ठिपक्यापुरती.

तिसरी खूण उष्णतेची. काहीही न जोडता तासभर प्लग लावून ठेवा. लिनिअर कोमट होतो, कारण रिकामा असतानाही त्याच्या गाभ्यात एक-दोन वॉट जळत असतात. चांगला एसएमपीएस गारच राहतो. मेमध्ये पारा ४५ च्या वर असताना ही परीक्षा दुपारी घेऊ नका, तेव्हा सगळंच गरम लागतं.

आवाजाचं म्हणाल तर लिनिअर कानाशी धरल्यावर १०० हर्ट्झची जाड गुणगुण ऐकू येते. एसएमपीएस गप्प असतो, नाहीतर बारीक शिट्टीसारखा वाजतो. चारही खुणा एकाच बाजूला पडल्या तर पुढचं काही तपासायची गरज नाही. एक जरी विरोधात गेली तर प्रश्न ५ आणि १२ बघा.

४. लेबलवर नेमकं काय वाचायचं?

इनपुटची ओळ. "१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ" असं असेल तर एसएमपीएस समजा. साध्या ट्रान्सफॉर्मरला दुपटीहून मोठी ही पट्टी झेपत नाही. "२३० व्होल्ट, ५० हर्ट्झ" एवढंच असेल तर लिनिअरकडे कल ठेवा, पण निकाल देऊ नका, कारण फक्त इथल्या बाजारासाठी बनवलेल्या काही एसएमपीएसवरही तेवढंच छापतात. ११५/२३० ची लाल सरकपट्टी असलेले कॉम्प्युटरचे जुने डबे एसएमपीएसच आहेत. पट्टी ११५ वर ठेवून आपल्या लाईनला लावला तर आत भडका होतो, म्हणून ती आधी बघा. "१२० व्होल्ट ६० हर्ट्झ" एवढंच लिहिलेला जड अडॅप्टर परदेशातून आलेला लिनिअर असतो. इथे लावला की थोड्याच वेळात जळतो.

आउटपुटच्या आकड्यापुढे नागमोडी खूण असेल, म्हणजे बाहेर एसीच येत असेल, तर आत बहुतेक नुसता ट्रान्सफॉर्मर आहे. याला एक अपवाद आहे, तो प्रश्न १३ मध्ये. वर्तुळातला रोमन पाच किंवा सहा हा कमी वीज खाण्याचा दर्जा सांगतो आणि तो व्यवहारात एसएमपीएसवरच दिसतो. चौकोनात चौकोन म्हणजे दुहेरी इन्सुलेशन. ते दोन्ही जातींत असतं आणि आयएसआयच्या खुणेचंही तसंच, त्यावरून जात ठरवू नका.

५. लेबल पुसलं आहे. मीटरने पक्कं कसं ठरवायचं?

प्लग सॉकेटमधून काढून दोन मिनिटं थांबा. अडॅप्टरला स्वतःचा स्विच असेल तर तो चालू ठेवा. मीटर २ किलोओहमवर ठेवून टोकं प्लगच्या दोन पिनांवर धरा (तीन पिनांचा असेल तर अर्थची जाड पिन सोडून). मग टोकं उलटी करून पुन्हा मोजा.

स्थिर आकडा आला आणि उलटं धरूनही तोच राहिला तर समोर प्रायमरीचं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या लाईनकडच्या वाइंडिंगचं, तांबं आहे. ५०० मिलिअँपिअर ते १ अँपिअरच्या १२ व्होल्ट अडॅप्टरला साधारण २०० ते १,००० ओहम येतात. त्याहून लहान ट्रान्सफॉर्मरला दोन-तीन किलोओहमपर्यंत, तेव्हा रेंज २० किलोओहमवर घ्या. ५० व्हीएच्या आसपास ४०-६० ओहम, आणि मोठ्या ॲम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरला काही थोडेच ओहम.

एसएमपीएसच्या पिनांमागे डायोडचा ब्रिज असतो. मीटरचं तोकडं व्होल्टेज त्यातून पार होत नाही, त्यामुळे पडदा उघडं सर्किट दाखवतो. २ मेगाओहमच्या रेंजवर कधी ४७० किलोओहम, कधी १ मेगाओहम दिसतं. तो आवाजशोषक कंडेन्सर रिकामा करण्यासाठी ठेवलेला रेझिस्टर असतो. तो दिसला तर घाबरू नका.

ही आमच्या मते बंद डब्यावरची सर्वात भरवशाची परीक्षा आहे, पण मालच खराब असेल तर ती फसवते:

- ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगवर टेपखाली थर्मल फ्यूज असतो. तो उडाला की जड लिनिअरही उघडं सर्किट दाखवतो आणि एसएमपीएससारखा भासतो.
- एसएमपीएसचा मॉस्फेट आणि ब्रिज शॉर्ट झाले, पण फ्यूज शाबूत राहिला, तर ५ ते १५ ओहम येतात. हा इनपुटच्या एनटीसीचा (सुरुवातीचा करंट आवरणाऱ्या रेझिस्टरचा) किंवा फ्यूजच्या जागी बसवलेल्या रेझिस्टरचा आकडा.

म्हणून आकडा वजनाशी ताडून बघा. ८० ग्रॅमच्या डबीत ८ ओहमची प्रायमरी मावत नाही, तो फुंकलेला एसएमपीएस आहे. अर्धा किलोच्या ठोकळ्यावर उघडं सर्किट आलं तर तो फ्यूज गेलेला ट्रान्सफॉर्मर.

६. बारा व्होल्टच्या अडॅप्टरवर मीटर सतरा दाखवते. खराब झाला का जी?

नाही. तो रेग्युलेटर नसलेला लिनिअर आहे, आणि ही त्याची उत्तम खूण आहे. अशा अडॅप्टरवरचे १२ व्होल्ट पूर्ण लोड असतानाचे असतात. रिकामा असताना कंडेन्सर शिखरापर्यंत चढतो आणि १६ ते १८ व्होल्ट दिसतात.

खात्रीसाठी मोटारसायकलचा १२ व्होल्ट १० वॉटचा बल्ब जोडा, तो सुमारे ०.८ अँपिअर घेतो. १ अँपिअरचा असा लिनिअर १७ वरून १२-१३ वर उतरेल. एसएमपीएस १२ च्या आसपासच राहील. काही एसएमपीएसवर बल्ब लुकलुकतो, कारण थंड फिलामेंट सुरुवातीला कितीतरी पट करंट ओढतं आणि संरक्षण सर्किट बंद-चालू होत राहतं. लिनिअर असा लुकलुकत नाही, म्हणजे हीसुद्धा ओळखच झाली.

असा अडॅप्टर राउटर किंवा सेट टॉप बॉक्सला लावू नका. ते जेमतेम करंट घेत असतील तर त्यांना १२ ऐवजी १५-१६ व्होल्ट मिळत राहतात.

७. रिकामा असताना बरोब्बर १२.० आले. मग एसएमपीएसच ना?

एवढ्यावरून नाही. आत ७८१२ किंवा एलएम ३१७ असलेला लिनिअरही बरोब्बर १२ देतो. इथे आउटपुटचा आकडा मुका आहे. प्रश्न ५ ची ओहम परीक्षाच घ्या.

८. डिमरस्टॅटवर (लाईनचं व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) लावून बघितलं तर कळेल का?

कळेल, आणि छान कळेल. १० वॉटचा बल्ब लोड म्हणून ठेवा आणि इनपुट २३० वरून हळूहळू १६० वर आणा. रेग्युलेटर नसलेल्या लिनिअरचं आउटपुट त्याच प्रमाणात घसरतं. रेग्युलेटेड लिनिअर बराच वेळ धरून ठेवतो आणि मग एका टप्प्याखाली सरळ उतरू लागतो. १००-२४० चा एसएमपीएस १६० ला हलतसुद्धा नाही. १०० च्या खाली कधीतरी तो एकदम बंद पडतो किंवा चालू-बंद होऊ लागतो. लिनिअर असा झटक्यात मरत नाही, मंद मंद होत जातो.

डिमरस्टॅट नसेल तर वावरातल्या लाईनवर दुपारी एकदा आणि सगळे पंप चालू असताना एकदा, लोडसकट आउटपुट मोजा. दोन्ही वेळी इनपुटही लिहून ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार? पंख्याचा रेग्युलेटर मात्र डिमरस्टॅट म्हणून वापरू नका. त्यातून लाईनची लहर कापली जाते आणि दोन्ही जातींना त्याने इजा होऊ शकते.

९. रेडिओजवळ धरून ओळखतात म्हणे. खरं आहे का?

खरं आहे. मीडियम वेव्ह असलेला जुना ट्रान्झिस्टर घ्या (एफएमवर हे जमत नाही), स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवा आणि चालू अडॅप्टर अर्ध्या फुटावर आणा. एसएमपीएसजवळ खरखर-भणभण एकदम वाढते आणि काटा फिरवला तर ती ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा भेटते. ६५ किलोहर्ट्झचा अडॅप्टर ५२०, ५८५, ६५० अशा दर ६५ किलोहर्ट्झवर बोलतो. आकाशवाणी नागपूरची मीडियम वेव्हची जागा ५८५ किलोहर्ट्झ, म्हणजे त्याचा बरोबर नववा पट. चार्जर लावला की रेडिओ बिघडतो अशी जी तक्रार येते, तिचं मूळ पुष्कळदा इथे असतं.

अडॅप्टरला लोड हवा. रिकामा एसएमपीएस झोपल्यासारखा मधून मधून एखादाच ठोका देतो आणि परीक्षा फसते. शिवाय खोलीतले एलईडी बल्ब आणि बाकीचे चार्जर आधी बंद करा, तेही बहुधा एसएमपीएसच असतात.

१०. सिरीज बल्बने (लाईनच्या वाटेत ओळीने जोडलेल्या बल्बने) ओळखता येईल का?

ओळख म्हणून भरवशाचं नाही. कॉम्प्युटरच्या डब्यासारखा मोठा एसएमपीएस ६० वॉटच्या सिरीज बल्बवर लावला तर कंडेन्सर भरताना बल्ब एकदा लख्खकन उजळून विझतो. लहान अडॅप्टरमध्ये १०-२२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असतो, तो एक-दोन मिलिसेकंदांत भरतो आणि डोळ्याला काही दिसत नाही. लहान ट्रान्सफॉर्मरवरही बल्ब विझलेलाच राहतो. अनोळखी माल पहिल्यांदा लाईनवर लावताना मात्र सिरीज बल्ब हवाच. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि घराचा फ्यूज वाचतो.

११. उघडल्यावर काय दिसलं म्हणजे कोणता?

आधी उघडण्याबद्दल. प्लग काढून पाच मिनिटं थांबा. ४०० किंवा ४५० व्होल्ट लिहिलेला कंडेन्सर दिसला तर त्याच्या पायांवर मीटर १,००० व्होल्ट डीसीवर ठेवून मोजा. ५० च्या वर असेल तर १० किलोओहम ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड पकडीने दोन पायांवर धरा. १०० मायक्रोफॅरडला पाच सेकंद पुरतात, मोठ्याला जास्त वेळ द्या, मग पुन्हा मोजा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका. ठिणगीने ट्रॅक उडतो, पात्याचा कण डोळ्यात जाऊ शकतो.

एसएमपीएसमध्ये दिसतं ते असं: लाईनच्या बाजूला तो ४०० व्होल्टचा कंडेन्सर, पिवळ्या टेपने गुंडाळलेला लहान ट्रान्सफॉर्मर, बोर्डाच्या मधोमध रिकामा पट्टा किंवा कापलेली फट, त्या फटीवर बसलेला चार पायांचा ऑप्टोकपलर (प्रकाशाने सिग्नल पलीकडे देणारा भाग, बहुतेक वेळा पीसी ८१७) आणि निळा चकतीसारखा वाय-कंडेन्सर. लिनिअरमध्ये पत्र्यांचा ट्रान्सफॉर्मर निम्म्याहून जास्त जागा व्यापतो, सोबत १एन ४००७ सारखे दोन किंवा चार डायोड आणि १,००० ते २,२०० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा कंडेन्सर. पाच-सहा भागांत काम संपतं.

एकच गोष्ट बघायची झाली तर सर्वात मोठ्या कंडेन्सरवरचं व्होल्टेज वाचा. ४०० म्हणजे एसएमपीएस (कंडेन्सर चौकोनी असेल तर प्रश्न १५ बघा), १६ ते ६३ म्हणजे लिनिअर.

१२. जड होता, चुंबकही चिकटला, पण आत एसएमपीएस निघाला. असं कसं?

तीन कारणं नेहमीची. वजन भरवशाचं वाटावं म्हणून स्वस्त मालात लोखंडी पट्टी चिकटवलेली असते. मोठ्या डब्यांना जाड पत्रा आणि ॲल्युमिनियमचे हीटसिंक असतात. आणि कॉम्प्युटरच्या काही डब्यांत पॉवर फॅक्टर सुधारण्यासाठी खरोखरच पत्र्यांची चोक (गाभ्यावर गुंडाळलेली एकच कॉइल) असते, दिसायला हुबेहूब ट्रान्सफॉर्मर. चोकला दोनच वायरी असतात आणि ती लाईनच्या वाटेत ओळीने बसते. ट्रान्सफॉर्मरला किमान चार वायरी लागतात.

१३. हॅलोजनच्या १२ व्होल्ट एसी ट्रान्सफॉर्मरवर मीटर भलतेच आकडे दाखवतो. वजनही नाही.

तो इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर, म्हणजे एसएमपीएसचाच भाऊ. बाहेर एसीच येतं, पण ५० हर्ट्झचं नाही, २० ते ४० किलोहर्ट्झचं. साधा मीटर ५० हर्ट्झसाठी बनलेला, म्हणून तो चुकतो. बऱ्याच अशा ट्रान्सफॉर्मरना किमान १०-२० वॉट लोड लागतो, त्याखाली ते सुरूच होत नाहीत. त्यावर १एन ४००७ चा ब्रिज लावून डीसी करू नका, तो डायोड या वेगाला मंद पडतो आणि तापून जातो.

१४. दोन पिनांच्या अडॅप्टरला हात लावला की मुंग्या येतात. हे कोणत्या जातीचं लक्षण?

बहुधा एसएमपीएसचं. वाय-कंडेन्सर लाईनची बाजू आणि आउटपुट यांना जोडतो, त्यातून अगदी थोडा करंट गळतो. २.२ नॅनोफॅरडच्या कंडेन्सरमधून फार तर ०.१६ मिलिअँपिअर. मीटरने आउटपुट आणि अर्थ यांच्यात मोजलं तर ८०-११० व्होल्ट एसी दिसू शकतात, पण त्यामागे जोर नसतो. लिनिअरवरही वाइंडिंगमधल्या कपॅसिटन्समुळे मीटर काही व्होल्ट दाखवतं, चुणचुण मात्र क्वचितच लागते.

मुंग्यांऐवजी सणसणीत झटका बसला तर जातीचा विचार सोडा आणि अडॅप्टर बाद करा. वाय-कंडेन्सरच्या जागी कोणीतरी साधा कंडेन्सर टाकला असेल, किंवा खालच्या प्रश्नातला प्रकार असेल.

१५. चार्जिंगच्या टॉर्चमध्ये ट्रान्सफॉर्मरही नाही आणि एसएमपीएसही दिसत नाही. मग हे काय आहे?

ही तिसरी जात, कपॅसिटर ड्रॉपर. स्वस्त टॉर्च, डासांची रॅकेट, काही एलईडी बल्ब यांत असते. चॉकलेटी किंवा पिवळ्या चौकोनी कंडेन्सरवर ४०० व्होल्ट लिहिलेलं असतं, त्याला समांतर ४७० किलोओहम ते १ मेगाओहमचा रेझिस्टर आणि पुढे ब्रिज. १ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमधून जास्तीत जास्त ७२ मिलिअँपिअर मिळतात. प्रश्न ५ च्या परीक्षेत ही जात एसएमपीएससारखीच भासते.

इथे थांबून लक्ष द्या. हिच्यात लाईन आणि आउटपुट वेगळे नाहीत. बाहेर ४ व्होल्ट दिसत असले तरी ती वायर लाईनलाच जोडलेली आहे. प्लग काढून मीटर डायोड रेंजवर ठेवा. एक टोक प्लगच्या पिनेवर, दुसरं आउटपुटवर, दोन्ही पिना आणि दोन्ही आउटपुट वायरी, सुलट आणि उलट, अशा आठही जोड्या बघा. एका जरी जोडीत आकडा आला तर अलगपणा नाही, असं धरा. चार्जिंगला लावलेली टॉर्च उघडून दुरुस्त करू नका. आणि असा सप्लाय वावरातल्या झटका मशीनच्या बॅटरीला कधीच लावू नका. झटका मशीन कुंपणात थांबून थांबून ठोका देते, त्यामुळे रोही-रानडुक्कर पळतात आणि माणूस वाचतो. ड्रॉपरमधून तारेत आली तर ती सरळ लाईन असते, तिने गुरं आणि माणसं मरतात.

१६. फवारणी पंपाचा चार्जर कोणता हे कसं कळेल? बॅटरी दोन हंगामात जाते.

१२ व्होल्ट ८ अँपिअर-तासाच्या लेड ॲसिड बॅटरीचा चार्जर रिकामा मोजा. १३.६ ते १४.८ च्या दरम्यान स्थिर आकडा आला आणि वजन कमी असेल तर एसएमपीएस. शून्य आला तरी लगेच फेकू नका, काही एसएमपीएस चार्जर बॅटरी जोडल्याशिवाय आउटपुटच देत नाहीत. जड असेल, डीसीवर १२-१३ दाखवत असेल आणि एसी रेंजवरही काही व्होल्ट येत असतील, तर तो कंडेन्सर नसलेला ट्रान्सफॉर्मर चार्जर. (काही साधे मीटर डीसीलाच एसी रेंजवर दुप्पट दाखवतात. मीटरच्या लाल टोकाला १ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ओळीने लावून मोजा म्हणजे खरं ते दिसेल.)

ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर स्वतः थांबत नाही. रात्री पंप बंद होऊन लाईन चढली की बॅटरीवर १५ च्या वर व्होल्टेज जातं आणि पाणी उडतं. बॅटरी दोन हंगामात जाण्याचं हे मोठं कारण. तो १.७ अँपिअरचा असेल तर पाच-सहा तासांत काढा, रात्रभर ठेवू नका.

१७. सोलरच्या १२ व्होल्टवरून ५ व्होल्ट करणारा तुकडा आहे. तिथे तर ट्रान्सफॉर्मरच नाही, मग ओळखायचं कसं?

इथे इनपुटच डीसी, म्हणून वरच्या बहुतेक खुणा लागू होत नाहीत. कॉइल शोधा. तांब्याची तार गुंडाळलेली चकती किंवा डमरू दिसला तर स्विचिंग (एलएम २५९६ च्या बोर्डवर ती असतेच). तीन पायांचा ७८०५ आणि हीटसिंक एवढंच असेल तर लिनिअर.

डबा बंद असेल तर बॅटरीकडचा करंट मोजा. ५ व्होल्टवर १ अँपिअर काढत असताना लिनिअर बॅटरीतूनही १ अँपिअरच ओढतो आणि ७ वॉट नुसते तापवतो. स्विचिंग अर्ध्या अँपिअरच्या आसपास ओढतो. बॅटरीवर रात्र काढायची असेल तर हा फरक मोठा आहे.

१८. इन्व्हर्टरवर कोणता लावू?

स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर एसएमपीएस. या लहरीचं शिखर ३२५ ऐवजी २३० च्या जवळ असतं, त्यामुळे लिनिअरचं आउटपुट साधारण तीस टक्के पडतं आणि ट्रान्सफॉर्मर मोठ्याने गुणगुणतो. साइन वेव्हवर दोन्ही चालतात.

१९. आत ट्रान्सफॉर्मरही आहे आणि फेराइट कॉइलही. याला काय म्हणायचं?

लाईन प्रथम कशावर जाते ते बघा. लाईनवर पत्र्यांचा ट्रान्सफॉर्मर आणि पुढे कमी व्होल्टवर स्विचिंग रेग्युलेटर असेल, तर दुरुस्तीच्या आणि सुरक्षेच्या दृष्टीने तो ट्रान्सफॉर्मर सप्लाय. लाईनवर ब्रिज आणि ४०० व्होल्टचा कंडेन्सर, पुढे आउटपुटला ७८०५ असेल (जुन्या सेट टॉप बॉक्समध्ये अशी जोडी मिळते), तर तो एसएमपीएस. ७८०५ पाहून "लिनिअर आहे" म्हणत बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला हात घालणं, ही या प्रकारातली सर्वात धोकादायक चूक.

२०. जड अडॅप्टर बंद पडला. भंगारात देऊ का?

आधी आउटपुटची वायर पिनेपाशी आणि डब्यापाशी तपासा, निम्मे अडॅप्टर तिथेच तुटलेले असतात. नंतर प्रायमरीचे ओहम. उघडं सर्किट आलं तर वरची टेप हळूच सोडा, खाली थर्मल फ्यूज दिसेल. त्यावर लिहिलेल्या तापमानाचाच नवा फ्यूज बसवा. सोल्डर करताना त्याचे पाय चिमट्याने धरा, नाहीतर सोल्डरच्या उष्णतेनेच तो उडतो. तारेने शॉर्ट करून चालवू नका: तो फ्यूज वाइंडिंग तापल्यामुळे गेलेला असतो, आणि पुढच्या वेळी वाइंडिंग पेटायच्या आधी थांबवणारं तिथे काहीच उरत नाही. नवा फ्यूज टाकूनही रिकामा ट्रान्सफॉर्मर अर्ध्या तासात हात ठेववेना इतका तापत असेल, तर आतले वेढे शॉर्ट आहेत. मग तो तांब्याच्या भावाने द्या.